गोळी घेतली का, जी?

माझा नवरा म्हणतो, "अनघा, तू डबा रिकामा करून आणतेस आणि राग भरून आणतेस!" खरं आहे त्याचं. पण रागाचं असं आहे की तो दोन दिवसांत निवतो आणि बुडाशी किस्सा उरतो. आमच्या त्या हॉस्पिटलातले किस्से आता इतके साठलेत की रविवारी आम्ही चार मराठी घरं जमलो की चहा उकळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "हं, अनघा, या आठवड्यात कुणाला झापलंस?"

मी मूळची इचलकरंजीची. नवऱ्याची नोकरी सेक्टर तीसमधल्या लॅबमध्ये, म्हणून आम्ही चंदीगडला. आणि मी एका हॉस्पिटलात, स्तनाच्या कॅन्सरच्या विभागात. काम सांगायला एकदम सोपं. बाईचं ऑपरेशन होतं, केमो होते, रेडिएशन होतं. केस परत येतात, नातेवाईक मिठाई घेऊन येऊन जातात. मग सुरू होते ती गोळी. रोज एक, पाच वर्षं, कुणाला दहा. रोग परत येऊ नये म्हणून. आणि बायका ती गोळी मधेच सोडतात. अंगाची आग होते, सांधे धरतात, आणि घरातले म्हणतात, "बरी झालीस ना? मग आता कसली गोळी?"

म्हणून आम्ही त्यांना रोज संध्याकाळी मोबाईलवर मेसेज पाठवतो. गोळी घेतली असेल तर १ पाठवा, नसेल तर २, काही त्रास होत असेल तर ३. तीन आला की आमची हरप्रीत सिस्टर फोन करते. संपलं. एवढंच काम!

एवढ्याशा कामात माणसं काय काय करू शकतात ते ऐका.

* * *

पहिली गंमत मेसेजच्या मजकुराची. आमचा मजकूर सरळ होता. "आपने आज ब्रेस्ट कैंसर की गोली ली?" तो गेला कमिटीपुढं. कमिटीत सगळे पुरुष, आणि एक मॅडम होत्या त्या नेमक्या रजेवर.

एकजण म्हणाले, "ब्रेस्ट शब्द काढा. घरात कुणी वाचला तर?"

दुसरे म्हणाले, "कॅन्सरही काढा. घबराट होते."

तिसरे म्हणाले, "गोळी म्हटलं की लोकांना भलतंच वाटतं. तेही काढा."

मी म्हटलं, "सर, मग उरलं काय?"

उरलं ते असं: "नमस्ते जी. अपना ध्यान रखें. आपका दिन शुभ हो."

पाठवला बाई तो मेसेज! आणि उत्तरं काय यावीत? "आपको भी जी." "सत श्री अकाल, बेटा." एकीनं तर हनुमानाचा फोटो पाठवला. गोळी कुणी घेतली ते त्या हनुमानालाच ठाऊक!

डॉक्टर ग्रेवाल मॅडम, म्हणजे आमच्या सर्जन, त्या दिवशी कमिटीच्या खोलीत जाऊन आल्या. आत काय बोलल्या माहीत नाही. पण बाहेर आल्या तेव्हा "गोली" शब्द परत मिळाला होता. बाकीचे दोन मात्र गेले ते गेलेच.

* * *

मग तो मजकूर मोबाईल कंपनीकडून मंजूर करून घ्यायचा. ते काम निखिलचं. निखिल म्हणजे आमचा अमरावतीचा पोरगा, मोहालीच्या एका आयटी कंपनीकडून आमच्या सॉफ्टवेअरसाठी येतो. अत्यंत शांत मुलगा. एक दिवस मात्र लॅपटॉप आपटून म्हणाला, "मॅडम, पुन्हा रिजेक्ट करून टाकलं ना बाप्पा! जाहिरात वाटते म्हणे त्याहीले!"

"आपली जाहिरात?"

"गोळी विकून राहिलो म्हणे आपण!"

तो बोलत असतानाच माझा फोन वाजला. मेसेज. "मुल्लानपूरमध्ये स्वप्नातला प्लॉट, आजच बुक करा." त्याच्यामागून दुसरा, घरबसल्या कर्ज. त्याच्यामागून तिसरा, आठवड्यात पोट कमी! आता ह्यांना कुणी मंजूर केलं? मला प्लॉट नको, कर्ज नको, आणि पोटाचं माझं मी बघीन! बाईला मरणापासून वाचवायचा मेसेज तेवढा जाहिरात!

निखिल म्हणाला, "मॅडम, आपण असं करू, गोळीसंगं एक प्लॉट फ्री लिहून देऊ. लगेच पास होते."

* * *

पास झाला शेवटी, प्लॉट न देताच. आणि पहिल्याच आठवड्यात एका रिटायर्ड कर्नलसाहेबांचा फोन. काय तो आवाज! मी खुर्चीत बसल्या बसल्या ताठ झाले.

"मॅडम, हा नंबर कुणाचा आहे? अनोळखी नंबरावरून माझ्या मिसेसला मेसेज येतो, एक दाबा, दोन दाबा! तुम्ही मला काय समजलात? मी सेक्टर सतराला जाऊन बँकेतलं खातं बंद करून आलोय! सायबर सेलला तक्रार केलीय!"

मी म्हटलं, "सर, आम्ही हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमच्या मिसेसनीच फॉर्मवर सही केलीय."

"इम्पॉसिबल! माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कुणी कसलीही सही करत नाही."

माझं डोकं सणकलं. तरी गोड आवाजात विचारलं, "सर, बरं, मिसेस गोळी घेतात ना रोज?"

"ऑफ कोर्स! शी इज़ परफेक्टली फाइन. शी नेव्हर कम्प्लेन्स."

इतक्यात मागून एक बारीक, पण अगदी स्पष्ट आवाज आला, "होली से नहीं ले रही!"

कर्नलसाहेब फोन कानाला तसाच धरून बायकोवर ओरडले, "तुमने रिपोर्ट क्यों नहीं किया?"

* * *

आता बलजीत. हिच्यावरून मी जितकी चिडलेय तितकी लग्नात सासूवरसुद्धा चिडले नव्हते.

बलजीत कौर, चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरकडच्या एका गावातली. चाळिशीची, हसरी, मुलगी दहावीला. म्हशी, स्वयंपाक, उरलेली थोडी शेती, सगळं हिच्याच अंगावर. बाकीच्या जमिनी उंच इमारती बांधणाऱ्या टॉवरवाल्यांनी घेतल्या, आणि नवरा जगतारसिंग आता प्लॉटची दलाली करतो. फॉर्मवर नंबर दिला तो नवऱ्याचा. घरात फोन एकच, आणि तो त्याच्या खिशात.

रोज संध्याकाळी बलजीतच्या नावापुढं १. एकही दिवस चुकला नाही. आमचे मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, इतके खूश की त्यांनी एका मीटिंगमध्ये पडद्यावर तिचं उदाहरण दाखवलं. आदर्श पेशंट!

पुढच्या तपासणीला बलजीत आली. ग्रेवाल मॅडमनी विचारलं, "गोली ठीक चल रही है?"

बलजीत म्हणाली, "कौन सी जी? वो तो बैसाखी के टाइम की बंद है."

गोळ्यांचं पाकीट संपलं तशी गोळी संपली. तिला वाटलं कोर्स झाला. शिवाय ती गोळी घेतली की हाताची बोटं सकाळी मिटायची नाहीत, मग धार कशी काढायची? आणि नवं पाकीट आणायला शहरात यायचं तर नवऱ्याला गाडी काढायला सांगावं लागतं. घरचे म्हणतात, बरी झाली, आता गोळ्या खाऊन लोकांना कशाला दाखवायचं की अजून आजारी आहे म्हणून.

आणि मेसेज? "मेसेज तो मेरे को कोई आया ही नहीं, जी."

ग्रेवाल मॅडमनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "बलजीत, ये गोली तेरे घर की चौकीदार है. अगर बीमारी दूसरी बार आ गई ना, तो मेरे हाथ में उतना कुछ नहीं रहेगा. समझी?" बोटांसाठी वेगळं औषध लिहून दिलं, व्यायाम शिकवला. बलजीतनं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर मला एवढंच दिसलं की ही घरी गेली की पुन्हा सगळं तसंच होणार.

जगतारसिंग बाहेर गाडीला टेकून फोनवर प्लॉट विकत होता. मी गेले तरातरा. म्हटलं, "भाईसाहब, बायकोच्या गोळीचं उत्तर तुम्ही देता?"

माणूस जरासुद्धा ओशाळला नाही. छाती फुगवून म्हणाला, "हाँ जी, मैडम जी! रोज़! एक दिन भी नागा नहीं किया!"

* * *

बलजीतला मी माझा जुना फोन देऊ केला. तिनं हात जोडले. "ना जी. फोन रखूँगी तो दस सवाल. किसका आया, क्यों आया." जगतारसिंगाला आम्ही सांगितलं की तुम्ही उत्तर देऊ नका, मेसेज आला की बायकोला द्या. त्यानं अर्धंच ऐकलं. उत्तर देणं बंद केलं! तेव्हापासून तिच्या नावापुढं रोज कोरं. हरप्रीत फोन करायची, तर कधी "खेत में है", कधी "सो गई है", कधी "मैं तो साइट पर हूँ जी, आपको प्लॉट दिखाऊँ?"

मीटिंगमध्ये मोठे सर भडकले. पडद्यावर तिचं नाव दाखवून बसले होते ना! म्हणाले, "प्रॉब्लम हमारे सिस्टम में नहीं है. ये औरतें सीरियस ही नहीं हैं. एक गोली! दिन में एक गोली याद नहीं रहती?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात हरप्रीतनं चहाचा कप सरांपुढं ठेवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, आपने अपनी बीपी की गोली ली?"

सर म्हणाले, "वो मेरी वाइफ़ देती है."

हरप्रीत म्हणाली, "और मैडम को कौन देता है, सर?"

सरांनी चहा घेतला. विषय बदलला. मला त्या पोरीची दृष्ट काढावीशी वाटली.

* * *

करवा चौथचा दिवस. मी इथं नवीन होते तेव्हा मला ह्या उपासाचा पत्ताच नव्हता. आमच्याकडं वटसावित्रीला निदान साबुदाणा असतो, शेंगदाण्याचा लाडू असतो, चहा तर असतोच असतो. इथं चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही!

त्या संध्याकाळी मेसेज गेले आणि धडाधड २ यायला लागले. दोन, दोन, दोन. पाणी प्यायचं नाही तर गोळी कशी गिळणार? ग्रेवाल मॅडम म्हणाल्या, उपास मोडा म्हणून सांगायचं नाही, ऐकणारही नाहीत. फक्त सांगा, चंद्र दिसला की पाण्याच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी घ्या. निखिलनं तसा मेसेज चंद्रोदयाच्या वेळेला लावला.

आणि नेमकं आभाळ! चंद्राचा पत्ता नाही. सगळ्या गच्चीवर चाळण्या घेऊन उभ्या. उत्तरं यायला लागली, "चाँद नहीं निकला जी." "बादल हैं." "सासू माँ कह रही हैं रुको." निखिल बिचारा खिडकीतून डोकं बाहेर काढून आभाळाकडं बघतोय, "निघ ना बाप्पा लवकर!"

मी हरप्रीतला म्हटलं, "हे काय चाललंय? ज्याच्या आयुष्यासाठी उपास तो आत जेवून टीव्ही बघत असेल. आणि जिला खरंच आयुष्य हवंय ती पाण्याविना गच्चीवर!"

हरप्रीत म्हणाली, "मॅडम, माझ्यावर कशाला ओरडता? मी तर करतच नाही."

मोहालीच्या एका शिक्षिकेला मी स्वतः फोन लावला. शिकलेली बाई, इंग्लिश शिकवते. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही तरी? एक घोट पाणी?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अनघा जी, आज उनकी उम्र बढ़ा रही हूँ. अपनी कल से बढ़ा लूँगी."

मी फोन ठेवला.

* * *

आता तुम्ही म्हणाल, ही पंजाबकडची माणसंच तशी. तर तसं काही नाही हं! आपल्या शैलाकाकूंचं ऐका. काकू नाशिकच्या, काकांच्या नोकरीपायी आयुष्य इकडं गेलं. आमच्या मंडळात गणपतीला उकडीचे मोदक करतात त्या. त्यांनाही तीच गोळी.

डिसेंबरात एक दिवस त्यांचा ३ आला. हरप्रीतनं फोन लावला, तर उचलला काकांनी. हरप्रीतनं विचारलं, "अंकल जी, आंटी को क्या तकलीफ़ है?"

काका म्हणाले, "तकलीफ तिला नाही, मला आहे!" आणि मराठी बोलणारं कुणी असेल तर द्या म्हणाले. मी घेतला फोन.

"अगं अनघा, डिसेंबर आहे! बाहेर धुकं आहे, समोरचं फाटक दिसत नाही, आणि ही पंखा लावते! खिडकी उघडते! मी कानटोपी, मफलर, दोन रजया घेऊन पडलोय. ती गोळी बंद कर म्हणून सांगतोय तर ऐकत नाही. तू सांग तिला!"

काकूंना म्हटलं, ओपीडीत या. ग्रेवाल मॅडम सुट्टीवर होत्या, त्यामुळं एका ज्युनिअर पोरानं तपासलं. नुकती मिशी फुटलेली. काकू सांगताहेत, अंगातून जाळ निघतो, रात्री गादी भिजते, झोप नाही, आणि हा पठ्ठ्या कागदावरून मान वर न करता म्हणतो, "आंटी, ये तो नॉर्मल है. थोड़ा एडजस्ट कीजिए."

एडजस्ट कीजिए! ह्याला जूनमध्ये, लाईट गेल्यावर, ऍप्रनची सगळी बटणं लावून बंद खोलीत बसवायला पाहिजे आणि म्हणायला पाहिजे, एडजस्ट कीजिए! मी त्याला काय बोलले ते इथं सांगत नाही, घरात लहान मुलं आहेत. पण दुसऱ्या दिवशी ग्रेवाल मॅडमनी काकूंना परत बोलावलं, तासभर बोलल्या, आगीवर औषध दिलं.

काका तरी कुरकुरत होते. "ते औषध लागू पडेपर्यंत माझं काय?"

आमच्या शैलाकाकू, ज्या चाळीस वर्षांत काकांना "अहो, ऐकलंत का"च्या पुढं गेल्या नाहीत, त्या भर ओपीडीत म्हणाल्या, "तुम्ही तिकडच्या खोलीत झोपा. मला जगायचंय."

* * *

शैलाकाकूंचा १ रोज यायला लागला. कर्नलबाईंचाही. कर्नलसाहेब आता रोज ठरल्या वेळी बायकोपुढं गोळी आणि पाणी घेऊन उभे राहतात म्हणे. राहिली बलजीत. तिच्या नावापुढं कोरं ते कोरंच. तपासणीची तारीख आली आणि गेली, ती आलीच नाही. ग्रेवाल मॅडमनी मला आणि हरप्रीतला बोलावून म्हटलं, "तुम दोनों जाओ. घर जाओ उसके."

गेलो. मुल्लानपूरच्या पुढं एका बाजूला क्रेन आणि काचेचे टॉवर, दुसऱ्या बाजूला गहू. मधे बलजीतचं गाव. मी वाटेत सगळी भाषणं तयार केली होती. जगतारसिंगासाठी एक, सासूसाठी एक. सासूसाठीचं जास्त कडक होतं, कारण घरातली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही हा हुकूम तिचाच, असं बलजीतनं हरप्रीतला सांगितलं होतं.

जगतारसिंग नव्हता, साइटवर. अंगणात खाटेवर बीजी, म्हणजे सासू. पांढरी ओढणी, ताठ पाठ, करारी चेहरा. बलजीत चुलीपाशी. आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला. बीजींनी आम्हाला बसवलं, लस्सी दिली, आणि लगेच सांगितलं, "कुड़िए, हौली बोल. दीवारों के कान होते हैं."

हरप्रीतनं हळू आवाजातच विचारलं, "बलजीत, गोली?"

बलजीत मान खाली घालून म्हणाली, "कभी याद रहती है, कभी नहीं. डिब्बे के पीछे छुपा के रखी है. काम में भूल जाती हूँ. कोई पूछने वाला नहीं ना, जी."

"और पूछे भी क्यों?" बीजी म्हणाल्या. "ठीक हो गई है. रब दा शुकर. गाँव में ढिंढोरा पीटना है? कल को लड़की ब्याहनी है."

माझं भाषण अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात चार घरं सोडून असलेल्या गुरुद्वाऱ्याचा लाऊडस्पीकर खरखरला. इकडच्या गावांत गावासाठी काहीही सांगायचं असलं की तिथूनच सांगतात. ऐकलं तर काय, उद्या सकाळी जनावरांचे डॉक्टर येणार आहेत. सगळ्यांनी आपापल्या म्हशींना लस टोचून घ्यावी, कुणी विसरू नये. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. वर आणि कुणाची तरी तपकिरी म्हैस सुटून गेलीय, दिसली तर कळवा!

मी उठूनच उभी राहिले. भाषण-बिषण सगळं विसरले. हिंदी-मराठी जे तोंडात आलं ते बोलले. "वा! म्हशीच्या लसीची दवंडी! म्हशीला विसरू नका म्हणून सगळ्या गावाला दोनदा सांगणार! आणि ही बाई मरणाच्या दारातून परत आलीय, हिच्या गोळीचं नाव हळू घ्यायचं? बीजी, म्हैस हरवली तर गाव शोधतं हो, उद्या ही गेली तर?"

हरप्रीत माझा हात ओढत होती. बीजींचा चेहरा दगडासारखा झाला. बलजीत चुलीपासून उठली, हात ओढणीला पुसले, ओढणी डोक्यावर घेतली आणि दारातून बाहेर निघून गेली.

मला वाटलं, रागावली. मी पाहुणी म्हणून आले आणि तिच्या सासूला तिच्यादेखत बोलले. झालं ते झालं, आता निघावं, म्हणून आम्ही पर्स उचलल्या.

आणि लाऊडस्पीकर पुन्हा खरखरला.

"वाहेगुरु जी का खालसा, वाहेगुरु जी की फतेह." बाईचा आवाज होता. जरा थरथरणारा. "मैं बलजीत कौर बोलदी हाँ, जगतार दे घरों. मैनूँ छाती दा कैंसर होया सी. हुण मैं ठीक हाँ."

मला छातीचा कॅन्सर झाला होता, आता मी बरी आहे, असं ती सगळ्या गावाला सांगत होती!

"मैं रोज़ इक गोली खानी है, पंज साल. मैं कम्म विच भुल्ल जांदी हाँ. घर विच कोई पुच्छदा नहीं. मैं जिहनूँ वी गली विच मिलाँ, मैनूँ पुच्छ लिया करो, बलजीत, गोली खा लई? बस जी. फतेह."

गल्लीत जो भेटेल त्यानं विचारायचं, बलजीत, गोळी घेतली का! लाऊडस्पीकर बंद झाला. ज्या शब्दांना कमिटीनं कात्री लावली ते दोन्ही शब्द ती आपल्या भाषेत सगळ्या गावाला ऐकवून मोकळी झाली होती. हरप्रीत तोंडावर हात ठेवून रडत होती. मी बीजींकडं बघायचं टाळत होते, कारण आता काय वादळ होईल सांगता येत नव्हतं.

बाहेर गल्लीत पावलं वाजली, बलजीत परत येत होती. पलीकडच्या छपरावरून कुठल्याशा म्हातारीनं हाक मारली, "बलजीत, खा लई गोली?" बलजीतचा आवाज आला, "चल्ली हाँ, ताई जी, हुणे खांदी हाँ!" पुढच्या दारातून एका पुरुषानंही तेच विचारलं.

बलजीत अंगणात आली, आमच्याकडं न बघता सरळ आत गेली. डबे सरकवल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

तेव्हा बीजी खाटेवरून जरा पुढं सरकल्या. त्यांनी हरप्रीतचं मनगट धरलं, तिला जवळ ओढलं, आणि तिचा हात आपल्या ओढणीखाली, डाव्या छातीशी नेऊन ठेवला.

"पुत्त," त्या म्हणाल्या, "ज़रा वेख. मेरे वी ऐथे गाँठ है."